प्रेमात भीड नसावी

आमच्या दिंडीतील एक सोबती, यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावचे निवृत्त दंतवैद्य, गेल्या पौषात वैकुंठवासी झाले. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. घरच्या मंडळींची इच्छा तशी आहे. आणि ज्यांनी त्यांच्यापुढे आ वासून बसण्याचा प्रसंग अनुभवला आहे, त्यांना नावाची गरजही नाही. गावात त्यांना 'डॉक्टर' म्हणत आणि दिंडीत 'दातवाले माउली'. ह्या लेखात आम्हीही डॉक्टरच म्हणू.

त्यांच्याविषयी चार शब्द लिहावयास बसलो आणि अडलो. अडण्याचे कारण शोक नव्हे. तेराव्याच्या दिवशी दोन गोष्टी घडल्या, त्यांनी आमच्या मनात एक प्रश्न उभा केला. तो आधी वाचकांपुढे ठेवतो.

त्या दिवशी कीर्तन झाले. बुवा सज्जन, आवाज गोड, पण डॉक्टरांशी त्यांचा परिचय नव्हता. ते म्हणाले, "हा पुरुष संसारात राहिला, पण संसाराला शिवला नाही. घरदार, बायकामुले कशाचीही आसक्ती ह्याला नव्हती. कमळाच्या पानावरचे पाणी जसे!" मंडळींनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. कीर्तन संपल्यावर ओसरीवर वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, आमच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, बुवा कोणाविषयी बोलत होते हो? ह्यांना तर आमच्यावाचून दुसरं काही सुचतच नव्हतं."

ही पहिली गोष्ट. दुसरी त्यानंतरची. आम्ही ह्या मासिकासाठी लिहिणार आहोत असे कळल्यावर नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "सगळं लिहा. पण ती वीणेकरी बाबांची गोष्ट तेवढी गाळा. गेलेल्या माणसाचं उणं काढू नये."

प्रश्न असा : गेलेल्या माणसाविषयी गोड बोलावे की खरे बोलावे? आणि ज्याच्यावर आपले प्रेम होते, त्याच्याविषयी तर काय करावे?

डॉक्टरांचे आयुष्य कसे होते ते आधी सांगतो, म्हणजे विचार करावयास बरे.

नागपूरचे सरकारी दंत महाविद्यालय १९६८ साली निघाले. त्यापूर्वी विदर्भातल्या मुलाला दाताचे शास्त्र शिकावयाचे तर मुंबईसारख्या दूरच्या शहराची वाट धरावी लागे. शेतकऱ्याच्या पोराला ते कुठून परवडणार? डॉक्टर हे त्या नागपूरच्या विद्यालयात सुरुवातीच्या काळात शिकलेल्यांपैकी एक. दंतवैद्यांचा कायदा देशात १९४८ सालीच झाला होता. तरीपण बाजाराच्या दिवशी पिंपळाखाली पथारी मांडून चिमट्याने दात उपटणारे लोक पुढेही पुष्कळ वर्षे होते. डॉक्टरांनी तालुक्याच्या गावी खोली घेतली आणि खुर्ची मांडली. वीज जाई तेव्हा दाढ कोरण्याचे यंत्र पायाने चालवीत. बैलगाडीतून सुजलेले गाल घेऊन माणसे येत, आणि कापूस विकला की पैसे देतो म्हणून सांगून जात. डॉक्टर ती उधारी वहीत मांडून ठेवीत आणि मुदत आली की मागतही असत. त्यांनी वही फाडून टाकली असे कोणी सांगेल तर ते खरे नव्हे. तीन मुलांची शिक्षणे व्हावयाची होती. मात्र ज्याच्या शेतात त्या वर्षी पिकले नाही, त्याला मागत नसत. कोणाचे पिकले आणि कोणाचे नाही, हे त्यांना चांगले ठाऊक असे.

एक आठवण केळापूरकडची आहे. एक बाई आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे पुढचे दात तपकिरी, डागाळलेले. बाई म्हणाली, "दात घासतच नाही जी ही. उद्या हिले कोन करन?" पोरगी तोंडावर हात धरून बसलेली. डॉक्टरांनी तिचा हात अलगद बाजूला केला आणि गावाचे नाव विचारले. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी जामणी ह्या भागांतल्या काही गावांच्या जमिनीतील पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार फार आहे. तो लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असला तर ठीक. त्याहून पुष्कळ जास्त झाला की लहान वयात हिरडीच्या आत दात तयार होत असतानाच त्यावर डाग बसतात. ते राखुंडीने घासून जात नाहीत. डॉक्टर त्या बाईला म्हणाले, "बाई, पोरीला बोलू नका. बोलायचं तर हातपंपाला बोला. धाकट्यांना दुसरं पाणी पाजा." पोरगी तोंडावरचा हात काढून हसली, असे ते सांगत. ते सांगताना स्वतःही हसत.

घराचे म्हणाल, तर आईवर त्यांचा फार जीव. आई शेवटची नऊ वर्षे अंथरुणाला खिळून होती. डॉक्टर दुपारी दवाखाना बंद करून घरी येत, ते तिला भात कालवून भरवण्यासाठी. म्हातारपणी हिरड्या झिजत जातात आणि चांगली बसलेली कवळी सैल होते. त्यांनी आईची कवळी तीनदा नवी केली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "कशाला रे, आता माझे किती दिवस उरले?" हे म्हणाले, "जितके उरले तितके दिवस भाकरी खा." त्या नऊ वर्षांत त्यांनी वारी केली नाही. दिंडी निघाली की वेशीपर्यंत येत, लवंगेच्या तेलाची बाटली दिंडीच्या पेटीत ठेवीत आणि डोळे पुसत परत जात.

नातवंडांचा दुधाचा दात पडला की तो कौलांवर टाकण्याचा समारंभ त्यांच्या घरी मोठ्या थाटाने होई. ज्यांनी हजारो दात काढून फेकले, ते एका दुधाच्या दातासाठी शिडी लावीत! घरात गोडधोडावर मात्र त्यांचा कडक पहारा. नातवंडे पेढे लपवून खात, आणि आजोबांनी जवळ बोलावले की तोंड मिटून घेत. थोडे रागीटही होते. मुलाने त्यांच्या मनाविरुद्ध दुसरा व्यवसाय धरला, तेव्हा चार महिने त्याच्याशी बोलले नाहीत. पाचव्या महिन्यात स्वतःच त्याच्या दारी गेले.

आता सांगा, ह्या माणसाला आसक्ती नव्हती असे कसे म्हणावे?

आसक्ती नव्हती असे म्हणण्यात बुवांचा हेतू चांगला होता. परंतु असल्या स्तुतीत एक चोरवाट आहे. माणूस विरक्त होता असे एकदा ठरवले, की तो आपल्याहून वेगळ्या जातीचा ठरतो. मग त्याच्यासारखे वागण्याची जबाबदारी आपल्यावर राहत नाही. 'ते काय बाबा, साधुपुरुष होते!' असे म्हणून आपण मोकळे. पण तो आपल्यासारखाच बायकामुलांत गुंतलेला, उधारी मागणारा, रागावणारा माणूस होता आणि तरीही आईला रोज दुपारी भरवीत होता, असे म्हटले की ते आपल्याला जाऊन भिडते. आपली आईसुद्धा घरी आहेच ना!

आपल्या संप्रदायाने तर प्रपंचाची लाज कधी धरली नाही. सावतोबांचा मळा, गोरोबांचे चाक, नाथांचा वाडा, तुकोबांचे दुकान ही आपल्याला पवित्रच वाटतात. नाम घेण्यासाठी ती टाकावी लागली नाहीत. डॉक्टरांची खुर्ची त्या पंक्तीत बसवण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु मायेने केलेले काम हा परमार्थातला अडसर नसून त्याचीच पायरी आहे, एवढे म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.

असो. आता ती गाळावयाची गोष्ट.

निवृत्त झाल्यावर डॉक्टर पहिल्यांदा पूर्ण वारीला आले. आई वारली होती, मुले मार्गाला लागली होती. आमची दिंडी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालते. दिवे घाट चढून सासवडचा मुक्काम आला, की पायांना थोडी उसंत मिळते. तेथे डॉक्टर एका झाडाखाली बॅटरी आणि लहानसा गोल आरसा घेऊन बसले. दुखऱ्या दाढेची माणसे येऊ लागली. त्यांत आमचे वीणेकरी बाबा आले. वय सत्तरीच्या पुढे, पुसदकडचे, तीस-पस्तीस वर्षे वीणा त्यांच्या गळ्यात. त्यांच्या शब्दाबाहेर दिंडीत कोणी नसे. तंबाखूची चिमूट मात्र अष्टौप्रहर गालात.

बाबांनी हलणारा दात दाखवला. डॉक्टरांनी बॅटरी धरली, गाल ओढून पाहिला, आणि आमच्याकडे पाहिले. गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या कडेला लाल झालेले. डॉक्टर म्हणाले, "बाबा, तंबाखू जरा कमी करा. अन् सवड मिळाली की एकदा नागपूरला दाखवून या."

बाबा हसून म्हणाले, "पांडुरंग हाय ना जी डॉक्टरसायब. मले काई होत नाई."

डॉक्टरांनी हात जोडले. आम्हीही जोडले.

रात्री हरिपाठ झाल्यावर डॉक्टर आमच्या पथारीशी येऊन बसले. म्हणाले, "मी 'जरा' का म्हटलं? ते 'जरा' नव्हतं. 'सवड मिळाली की' का म्हटलं? सवडीचं काम नव्हतं ते. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याला रोगाचं नाव कसं सांगावं? जीभच उचलेना. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील." आम्ही 'हो' म्हणालो. पंढरपूर येईपर्यंत बाबांच्या शेजारून चाललो, त्यांच्या हातचा प्रसाद खाल्ला, आणि एका शब्दाने बोललो नाही. आज सांगू, उद्या सांगू, वाखरीला सांगू, असे करता करता वारी संपली.

दिवाळीच्या सुमारास बाबांना घास गिळेना, तेव्हा मुलांनी नागपूरला नेले. रोग जबड्यापर्यंत उतरला होता. पुढची आषाढी त्यांनी पाहिली नाही. शेवटी आम्ही भेटावयास गेलो, तेव्हा वीणा उशाशी होती. ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता.

डॉक्टरांनी पुढे एकदा आमच्याजवळ म्हटले, "वेळेवर गेले असते तर वाचलेच असते, असं मी म्हणत नाही. तसं कोणालाच म्हणता येत नाही. पण काय आहे ते समजून मग जायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं. मी त्यांना नीट सांगितलंच नाही, म्हणजे त्यांचं ठरवणंच मी काढून घेतलं. आणि वर हात जोडले!"

सज्जनहो, भीड ही अशी आहे. ती आदराचे सोंग घेऊन येते. आपल्याला वाटते, आपण समोरच्या माणसाचा मान राखला. वस्तुतः आपण राखलेला असतो तो आपला स्वतःचा सुखाचा क्षण. त्याने रागावू नये, त्याचा चेहरा पडू नये, आपल्यावर वाईटपणा येऊ नये, एवढ्यासाठी आपण गोड बोलतो, आणि त्याची किंमत त्याच्याकडून वसूल करतो. उधारी मागताना डॉक्टरांना भीड वाटत नसे. त्या पोरीच्या आईशी बोलताना वाटली नाही. जेथे आदर अधिक, तेथेच ती आडवी आली. म्हणून प्रेमाच्या जागी तिच्यापासून अधिक जपावे लागते.

पुढच्या वारीत सासवडला हरिपाठानंतर डॉक्टर उभे राहिले आणि ही गोष्ट त्यांनी सगळ्या दिंडीपुढे सांगितली. बाबांचा दोष सांगितला नाही, स्वतःचा सांगितला. आमचा सांगितला नाही. तो आम्ही आज सांगत आहोत. मग म्हणाले, "माउली, आता मी कोणाला 'जरा' म्हणणार नाही. तोंड उघडा." तेव्हापासून पायी वारी झाली त्या प्रत्येक वर्षी हा क्रम चालला. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे नेहमीसारखी पायी वारी झाली नाही, तेव्हा त्यांनी घरून एकेकाला फोन करून विचारले, "तोंडात काही चट्टा? जखम?" किती जणांनी तंबाखू सोडली, ह्याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. काहींनी सोडली. काहींनी त्यांना पाहिले की पुडी लपवली. पण डॉक्टरांनी काय म्हटले ते आपल्याला नीट कळले नाही, असे म्हणण्याची सोय कोणाला उरली नाही.

विदर्भात खर्रा घरोघरी शिरला आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून त्याची पुडी होते. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण खर्रा पानठेल्यावर घोटला जातोच. पुष्कळांना वाटते की सुपारी निर्दोष आणि वाईट ती तंबाखू. डॉक्टर सांगत की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण होते असे ठरवले आहे. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड पुरते उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून दातांच्या मध्ये जात नसतील, तर दाखवून यावे. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर दाखवून यावे. दुखत नाही म्हणून थांबू नये, कारण सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. गळ्यातल्या माळेने मद्य-मांस सोडवले, हे तिचे थोर उपकार. मग गालातली चिमूटही तिच्याच पायी का वाहू नये?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही गोष्ट गाळावी काय?

गेलेल्या माणसाचे उणे काढू नये, ह्या म्हणण्यात तथ्य आहे. तो उत्तर द्यावयास येऊ शकत नाही. त्याच्या पाठीमागे रडणारी माणसे असतात. स्वतःला मोठे दाखवण्यासाठी, मनातला जुना हिशेब चुकता करण्यासाठी, किंवा नुसत्या चवीसाठी मृताचे दोष उगाळणे ही निंदाच होय, आणि निंदेला आपल्याकडे जागा नाही. परंतु निंदा आणि सत्य ह्यांत अंतर आहे. ज्याची चूक त्यानेच कबूल केली, लोकांच्या भल्यासाठी दरवर्षी स्वतः उभे राहून सांगितली, ती त्याच्या मरणानंतर आपण झाकून ठेवणे ह्याला त्याचा मान राखणे कसे म्हणावे? त्याने उघडी ठेवलेली वही आपण मिटवण्यासारखे ते आहे.

आपले संतचरित्र पाहा. भजनात तल्लीन होऊन माती तुडवताना गोरोबांच्या पायाखाली त्यांचे मूल आले, ही कथा संप्रदायाने लपवली नाही. त्यांच्या पत्नीचा संतापही लपवला नाही. दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, व्यापारात दिवाळे निघाले, हे तुकोबांनी आपल्याच तोंडाने सांगून ठेवले. हे सारे गाळून नुसता जयजयकार ठेवला असता, तर आपल्यासारख्या चुकणाऱ्या माणसांनी त्यांचा आधार कसा धरला असता? आपल्याच वऱ्हाडातले गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात समोरच्या माणसाला सरळ प्रश्न विचारीत आणि त्याचे व्यसन, त्याचे कर्ज, त्याच्या घरातली घाण त्याच्यासमोर ठेवीत. लोक चिडत नसत. हा माणूस आपल्यासाठी बोलतो आहे, हे त्यांना कळे. खरे बोलणे आणि टोचून बोलणे एक नव्हे. माया पोटात असली आणि भीड नसली, की शब्द आपोआप नीट येतो.

आम्ही वहिनींना विचारले. म्हटले, "वहिनी, ती गोष्ट लिहू की नको?" त्या निवडत असलेले तांदळाचे सूप बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ती रात्र आठवून हे कितीदा झोपेतून उठून बसायचे, ते मला ठाऊक आहे. ती गाळाल तर बाकीचं लिहून तरी काय करता? पेढे लपवायच्या गोष्टी लिहा, रागही लिहा. मला माझा माणूस आठवायचा आहे, भाऊजी."

म्हणून हे सगळे लिहिले. कोणाला गोड लागेल, कोणाला कडू.

डॉक्टरांचा तो गोल आरसा आणि बॅटरी वहिनींनी दिंडीच्या पेटीत ठेवण्यासाठी आमच्या हाती दिली आहे. येत्या वारीत ती सासवडला निघेल. आपल्या दिंड्यांतून शिकलेली तरुण मंडळी पुष्कळ येतात, त्यांत कोणी वैद्य-डॉक्टरही असतात. त्यांपैकी कोणी त्या झाडाखाली बसावे, अशी आमची हात जोडून विनंती आहे. आणि ज्यांना वैद्यकी येत नाही, त्या आपण सर्वांनी एवढे करावे : शेजारून चालणाऱ्या माउलीविषयी जे आपल्याला दिसले आहे आणि बोलवत नाही, ते वाखरी येण्यापूर्वी बोलून टाकावे.

आमचे एकदा राहून गेले आहे.

रामकृष्णहरी.